ऑटो फीडर: एका फेरीत नेमकं किती खाद्य पडतं, आणि ते आटोक्यात कसं आणायचं?

नीलरेषा

माशांची टाकी १०० लिटरची. आत १२ निऑन टेट्रा, ६ प्लॅटी, ६ कोरी (कोरीडोरास, तळाशी राहणारे मासे). कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्याचा) फिल्टर, वर काचेचं झाकण. फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाद्य टाकणारं यंत्र, फिरत्या ड्रमचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, ड्रमच्या तोंडाशी सरकणारा स्लायडर. फ्लेक्स (खाद्याच्या पातळ पापड्या) आणि १ मिमीचे दाणे मिसळून भरले आहेत. स्लायडर सगळ्यात खालच्या खुणेवर असूनही कधी चिमूटभर पडतं, कधी ढीग. दोन आठवडे टाकी फीडरच्या भरवशावर ठेवायची आहे.

विचारायचं ते एवढंच: दिवसाला किती ग्रॅम पडायला हवं, ते मोजायचं कसं, आणि स्लायडर संपला की प्रमाण आणखी खाली कसं आणायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पाणकावळा

आधी आकडा ठरवू, मग यंत्राकडे जाऊ.

वाढ पूर्ण झालेल्या लहान माशांना तब्येत टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या १ ते २ टक्के कोरडं खाद्य पुरतं. पिल्लांना याच्या कितीतरी पट लागतं, पण तुमच्या यादीत पिल्लं नाहीत. निऑन पाव ग्रॅमच्या आसपास, प्लॅटी ग्रॅम-सव्वा ग्रॅम, कोरी अडीच ग्रॅम धरा. बारा निऑनचे ३, सहा प्लॅटींचे ७, सहा कोरींचे १५. एकूण २५ ग्रॅम मासे. त्याचा १ टक्का पाव ग्रॅम, २ टक्के अर्धा ग्रॅम. घरी कोणी नसताना १ टक्क्याला चिकटून राहायचं. म्हणजे तुमचं लक्ष्य दिवसाला ०.२५ ग्रॅम.

हे किती कमी आहे ते लक्षात यावं म्हणून सांगतो: ५ मिलीच्या चमच्यात १ मिमीचे दाणे सपाट भरले तर अडीच ग्रॅमच्या आसपास बसतात. तुमच्या सगळ्या टाकीचं दिवसाचं खाणं त्या चमच्याचा दहावा हिस्सा आहे. बरेच ड्रम फीडर याहून बऱ्याच मोठ्या मापाला सोयीचे असतात, त्यामुळे लहान मासे असलेल्यांचा स्लायडर नेहमी तळाला टेकतो.

आता मोजणी. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या फरकाचा काटा इथे निरुपयोगी. ०.०१ ग्रॅमचा लहान डिजिटल काटा लागतो, ०.००१चा मिळाला तर उत्तम. फीडर टाकीवर जसा बसतो तसाच, त्याच कोनात, एका वाटीवर धरून बसवा. हाताने फिरवू नका. हाताचा वेग आणि मोटरचा वेग वेगळा, पडणारं खाद्यही वेगळं. बटण दाबून मोटरकडूनच फेरी करून घ्या. पहिल्या तीन फेऱ्या सोडून द्या, कारण भरताना दाणे तोंडाशी वेडेवाकडे साचलेले असतात. पुढच्या पाच फेऱ्या एकेक करून वजन करा आणि पाचही आकडे इथे टाका. नुसती सरासरी नको, आकडे हवेत.

हिरवी_काच

वाचनखूण साठवली. एक भर: मोजणी ड्रम जेवढा भरून ठेवणार तेवढा भरूनच करा. पूर्ण, अर्धा आणि पाव भरलेल्या ड्रमचे आकडे सारखे येत नाहीत. दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरला की वरच्या खाद्याचं वजन तोंडाकडे रेटतं आणि खाचेबाहेरचंही सांडतं. पावच्या खाली गेला की फिरताना खाच पूर्ण भरतच नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत मासे उपाशी राहतात ते यामुळेच.

गाळणीवाला

मला अडचण पहिल्याच पोस्टमध्ये दिसतेय. फ्लेक्स आणि दाणे एकत्र.

हलणाऱ्या ड्रममध्ये मिश्रण मिश्रण राहत नाही. बारीक ते खाली, मोठं ते वर. म्हणजे पहिले काही दिवस भुकटी आणि दाणे पडतात, नंतर फ्लेक्सचे तुकडे एकमेकांत अडकून तोंडावर कमान धरतात. कमान धरली तेव्हा तुमची 'चिमूट', कमान कोसळली तेव्हा तुमचा 'ढीग'. फ्लेक्स हलकेही फार असतात. त्याच खाचेत दाण्यांच्या मानाने वजनाने फारच थोडे मावतात, त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण जरा बदललं की पडणारं वजन हलतं.

फ्लेक्स काढून टाका. फक्त दाणे ठेवा, आणि तेही एकाच मापाचे. दाण्यांच्या डब्यातही तळाशी भुकटी असतेच, ती आधी चहाच्या बारीक गाळणीतून झाडून घ्या. १ मिमीचे दाणे वर राहतात, पूड खाली जाते. ती पूड मासे धड खातही नाहीत, थेट पाण्यात विरघळते, आणि ड्रमच्या प्लॅस्टिकला स्थिर विजेने चिकटून बसते. ड्रम कोरड्या कापडाने घासून पुसू नका, त्याने चिकटणं आणखी वाढतं. साबणाच्या पातळ पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, हवेवर पूर्ण वाळू द्यायचा.

फ्लेक्सच द्यायचे असतील तर कुस्करून २-३ मिमीपर्यंत आणा आणि पूड गाळून टाका. तरी दाण्यांइतका भरवसा येणार नाही. फ्रीझ ड्राय ब्लडवर्म (वाळवलेल्या लाल अळ्या) ड्रममध्ये कधीच नको. लांब, हलके, एकमेकांत गुंतणारे. ते कापसासारखे गोळा होतात.

नीलरेषा

सर्वांचे आभार. जुन्या मिश्रणावर, ड्रम जवळजवळ पूर्ण भरलेला, स्लायडर सर्वांत कमी:
०.३१, ०.५८, ०.२९, ०.७४, ०.३३ ग्रॅम.

मग फक्त गाळलेले दाणे, ड्रम अर्धा, स्लायडर तिथेच:
०.४३, ०.४६, ०.४५, ०.४७, ०.४४ ग्रॅम.

पाणकावळा

आता गंमत बघा. दोन्हींची सरासरी ०.४५च आहे. नुसती सरासरी टाकली असतीत तर गाळण्याने काही फरक पडला नाही असंच वाटलं असतं. पण पहिल्या वेळी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत अडीच पट अंतर होतं, आता ते एक दशांशही नाही. आधी यंत्र बेभरवशाचं होतं, आता ते फक्त जास्त देतंय. जास्त देणारं यंत्र दुरुस्त करता येतं.

स्लायडर आणखी बंद करायच्या किंवा तोंडावर चिकटपट्टी लावून फट बारीक करायच्या भानगडीत पडू नका. दाणे सुरळीत पडायला फट दाण्याच्या व्यासाच्या निदान पाच-सहा पट लागते. १ मिमीच्या दाण्यांना ५-६ मिमी. त्याहून बारीक केली की दाणे फटीवर कमान धरतात आणि तुम्ही परत पहिल्या आकड्यांवर. फटीने प्रमाण ठरवायचंच नाही. प्रमाण ठरवते ती आतली खाच.

तळ्यात_मळ्यात

खाच म्हणजे नक्की कुठली? माझ्या फीडरचा ड्रम आतून गुळगुळीत दिसतो.

पाणकावळा

तोंडाच्या आतल्या बाजूला एक आडवी पट्टी किंवा कप्पा असतो. ड्रम फिरताना तो खालून खाद्य उचलतो, वर नेतो, आणि तोंड खाली येईल तेव्हा फक्त तेवढंच खाद्य बाहेर पडतं. झाकण उघडून उजेडात धरलं की दिसतो. काही साध्या फीडरमध्ये खरोखरच कप्पा नसतो, फक्त भोक असतं. त्यात तोंड खाली असेल तितका वेळ खाद्य गळत राहतं, म्हणजे प्रमाण मोटरच्या वेगावर आणि सेलच्या जोरावर. तसला फीडर लहान माशांसाठी नकोच.

नीलरेषा, कप्पा लहान करायची रीत अशी.

प्रथम तुमच्या दाण्यांची घनता काढा. टोक कापलेली १० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या १० वर ठेवून वरून दाणे भरा, दोनदा टिचकी मारा, सपाट करा, वजन करा. समजा ५.० ग्रॅम आलं, तर १ मिलीला अर्धा ग्रॅम. तुमचा कप्पा ०.४५ ग्रॅम उचलतो म्हणजे ०.९ मिलीचा आहे. हवे आहेत ०.२५ ग्रॅम, म्हणजे ०.५ मिली. कप्प्यातली ०.४ मिली जागा बुजवायची.

बुजवायला अ‍ॅक्वेरियमसाठीचं सिलिकॉन घ्या. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यात जे घातलेलं असतं ते माशांना चालत नाही. कप्पा स्पिरिटने पुसा, सिलिकॉन १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरून ०.४ मिली मोजून कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने उताराचा आकार द्या. कोपरा राहू देऊ नका, कोपऱ्यात दाणे बसतात. उतार तोंडाकडे हवा. दोन दिवस उघडं ठेवा, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच खाद्य भरा. स्पंजचा तुकडा कोंबणं सोपं वाटतं, पण तो दमट होतो, खाद्य धरतो आणि त्यावर बुरशी येते.

पहिल्यांदा ०.३ मिलीच भरा. कमी पडलं तर वरून आणखी देता येतं. जास्त भरलं तर खरवडत बसावं लागतं.

हिरवी_काच

मी याच्याही आधी सोपा पर्याय बघेन: दिवसाआड एक फेरी. ०.४५ ग्रॅम दिवसाआड म्हणजे सरासरी ०.२३. प्रौढ प्लॅटी-टेट्रांना दिवसाआड खाणं अजिबात जड जात नाही. फीडरमध्ये वार निवडायची सोय असेल तर सिलिकॉनची गरजच नाही.

पाणकावळा

मान्य, सोय असेल तर. पण एका वेळी ०.४५ ग्रॅम पडले तर त्यातलं मासे पहिल्या दोन-तीन मिनिटांत किती संपवतात ते आधी बघावं लागेल. उरलेलं तळाशी जातं. कोरी आहेत म्हणून काही सगळं साफ होत नाही.

तळमासा

कोरींचा विषय निघालाच आहे म्हणून. सावकाश बुडणारे दाणे भरा. तरंगणारे दाणे निऑन आणि प्लॅटी वरच्या वर फस्त करतात, कोरींपर्यंत काहीच पोचत नाही. लगेच बुडणारे भरले तर उलटं होतं. बुडायला अर्धा-एक मिनिट घेणारे दाणे मधल्या थरातल्या माशांना आणि तळच्यांनाही मिळतात.

कोरी किंवा प्लेकोसाठीच्या गोल वड्या ड्रममध्ये जात नाहीत. त्यासाठी कप्प्यांच्या चकतीचा फीडर असतो. गोल चकती, १४ किंवा तेवढेच कप्पे, दर वेळी एक कप्पा भोकावर येतो. प्रत्येक कप्प्यात तुम्ही हाताने वजन करून भरता, त्यामुळे अचूकपणात ड्रम याच्या जवळपासही येत नाही. लहान टाकी, मोजके मासे, एकटा फायटर (बेट्टा) मासा असलं काही असेल तर चकतीच घ्या. फायटरला दिवसाला १ मिमीचे चार-सहा दाणे पुरतात. इतकं मोजून टाकणारा ड्रम मिळणं कठीण.

चकतीचे दोष दोन. वडी कप्प्याच्या रुंदीइतकीच असेल तर भोकावर आडवी अडकते आणि पुढचे सगळे कप्पे थांबतात. वडीचे चार तुकडे करून भरायचे. दुसरं, भोकालगतचा कप्पा वाफेला जवळजवळ उघडाच असतो. त्यात पूड असेल तर तिचा लगदा होऊन कप्प्याला चिकटतो.

तळ्यात_मळ्यात

वाफेबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही अजून. कॅलिब्रेशन (मोजून बसवलेलं प्रमाण) पहिल्या दिवशी अचूक असलं तरी पाचव्या दिवशी बिघडतं ते यामुळेच.

टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर असतं, झाकणाखालची हवा ओलसर. फीडरचं तोंड थेट त्याच हवेत. दाणे ओल धरतात, फुगतात, तोंडाशी चिकटतात. बघायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्लायडर उघडून कडेवर नख फिरवा. तपकिरी, मेणासारखा थर निघाला की समजायचं, फट आता ६ मिमीची राहिलेली नाही.

करायचं काय: फेरी संपल्यावर ड्रम थांबतो तेव्हा तोंड वर आहे का ते तपासा. खाली किंवा आडवं थांबत असेल तर ड्रम खाचांवर चुकीचा बसवलाय, काढून परत लावा. फीडर हवेच्या दगडावर, फिल्टरच्या फवाऱ्यावर किंवा हीटरच्या बरोबर वर नको. बुडबुडे फुटताना उडणारे बारीक थेंब डोळ्याला दिसत नाहीत, पण फीडरच्या खालच्या बाजूवर क्षारांचे पांढरे ठिपके येतात त्यावरून कळतं. तोंड पाण्यापासून ५ ते ८ सेंटीमीटर वर असावं. खाली नळी किंवा कागदाचं नरसाळं लावू नका, आतून ओलं होतं आणि अर्धं खाद्य तिथेच चिकटतं.

सगळ्यात परिणामकारक उपाय हवेच्या पंपाचा. पंपाच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक फाटा फीडरच्या मागच्या भोकात सोडायचा. काही फीडरना त्यासाठी जागा दिलेलीच असते. खोलीतली हवा आतून बाहेर हळूहळू वाहत राहते आणि टाकीची वाफ आत शिरत नाही. वाल्व्हने इतकी कमी करा की ओल्या ओठाला जेमतेम जाणवेल. जास्त सोडली तर हलके दाणे उडतात. पंप टाकीच्या झाकणाखाली ठेवलेला नको, नाहीतर तीच ओली हवा परत आत.

गाळणीवाला

सिलिका जेलची पुडीही ठेवता येते. पुडी तोंडापेक्षा बरीच मोठी हवी, म्हणजे फटीवर आडवी येणार नाही. सुटे मणी कधीच नकोत. रंग बदलणारं जेल घेणार असाल तर निळं-गुलाबी होणारं टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराईड असतं. नारिंगी-हिरवं चालेल, तेही बंद पुडीत. मात्र उघड्या तोंडाच्या ड्रममध्ये पुडी काही दिवसांत ओल पिऊन भरते. दोन आठवड्यांसाठी हवेचा फाटा बरा.

हिरवी_काच

+१. हा सगळा आटापिटा कशासाठी ते आकड्यांत मांडतो.

खाद्यात ४५ टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन. ते १ ग्रॅम कोणी न खाता १०० लिटरमध्ये कुजलं, तर जास्तीत जास्त लिटरला ०.७२ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन. फिल्टर मुरलेला (आत जिवाणू पुरेसे वाढलेला) असेल तर तो हे पचवतो आणि नायट्रेट ३ मिलिग्रॅमने वाढतं, संपलं. पण ड्रम उघडून २० ग्रॅम एकदम पडले तर हिशोब १४ मिलिग्रॅमवर जातो. कुजवणारे जिवाणू त्याआधीच प्राणवायू ओढून घेतात, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

pH वरही बरंच ठरतं. २८ अंशांना, pH ७ असताना एकूण अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहून कमी, pH ८ ला साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून कठीण पाण्याच्या टाकीत चूक जास्त महागात पडते.

त्यामुळे माझा नियम: ड्रममध्ये मुक्कामापुरतंच खाद्य भरायचं. १४ दिवस गुणिले ०.२५ म्हणजे साडेतीन ग्रॅम, वर एक-दोन ग्रॅम. बस्स.

पाणकावळा

इथे माझं जुळत नाही. साडेपाच ग्रॅम म्हणजे ११ मिली. १०० मिलीच्या ड्रममध्ये तो नववा भाग झाला. तुम्हीच वर लिहिलंत की पावच्या खाली गेला की खाच भरत नाही. मग मासे पहिल्या दिवसापासूनच कमी खातील, आणि किती कमी ते दर दिवशी वेगळं.

हिरवी_काच

म्हणून ड्रमची जागा कमी करायची. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची बंद डबी, ड्रमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच सिलिकॉनने चिकटवायची, खाचेपासून दूर. समजा डबीने ६५ मिली खाल्ली. उरले ३५. ११ मिली म्हणजे एक तृतीयांश. सुटी डबी टाकून भागवू नका, ती फिरताना दाण्यांचा चुरा करते.

पाणकावळा

ठीक. पण मग शेवटच्या दिवसांत परत पातळी खाली जाणार. शेवटच्या दिवसालाही खाच भरेल इतका तळसाठा हवाच, तो मोजून काढावा लागेल. ड्रममध्ये मोजून थोडं थोडं काढत फेऱ्या घ्या. ज्या पातळीला फेरीचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घसरतं, ती तुमची किमान पातळी. किमान पातळी अधिक मुक्कामाचं खाद्य, एवढं भरायचं. त्याहून जास्त नाही, इथपर्यंत सहमत.

सर्किटराव

यांत्रिक बाजू झाली. आता वीज.

पेन्सिल सेल अल्कलाईन घाला, नवेच, दोन्ही एकाच पाकिटातले. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४. अल्कलाईन ३. ज्या फीडरमध्ये फेरी संपल्याचं कळायला आत छोटा स्विच असतो तो कमी व्होल्टलाही फेरी पूर्ण करतो, फक्त सावकाश. ज्यात मोटर ठरावीक सेकंद चालवून बंद करतात, तो कमी व्होल्टला अर्ध्या फेरीत थांबतो. तोंड खाली थांबलं तर वाफेला सगळं मोकळं रान. ओळखायचं असं: सेल अर्धवट वापरलेले घालून दहा-बारा फेऱ्या घ्या. थांबायची जागा थोडी थोडी सरकत गेली तर तुमचा फीडर सेकंदांवर चालणारा आहे.

यूएसबीवर चालणारा असेल तर ही चाचणी केल्याशिवाय घर सोडू नका: प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. काही फीडर वीज आली की लगेच एक फेरी मारतात. वीज दिवसात चारदा गेली-आली तर चार जादा फेऱ्या. शिवाय घड्याळ शून्यावर जातं का तेही बघा. ॲपवर चालणाऱ्या फीडरचं वेळापत्रक यंत्रात साठतं की सर्व्हरवर, ते राउटर बंद ठेवून एक दिवस तपासा. राउटर बंद असताना फेरी झाली तरच भरवसा.

'१२ तास / २४ तास' एवढाच खटका असलेल्या फीडरमध्ये वेळ खटका सरकवल्यापासून मोजली जाते. त्यात १२ नको. दिवे १० तास लागत असतील तर १२ तासांच्या दोन फेऱ्यांपैकी एक अंधारात पडणारच. २४ वर ठेवा, आणि दिवे लागल्यावर दोनेक तासांनी खटका सरकवा.

नीलरेषा

खाण्याच्या वेळी फिल्टर टायमरने बंद करावा का? प्रवाहात दाणे थेट इनलेटकडे, म्हणजे फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे जातात.

सर्किटराव

घरी असताना करा हवं तर, दहा मिनिटं. घर बंद असताना नाही. दोन वेगळी घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात, आणि कॅनिस्टर परत सुरू होताना हवा अडकून नुसता गुरगुरत राहिला तर बघायला कोणी नाही. तासन्‌तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात.

गाळणीवाला

त्यापेक्षा तरंगती रिंग. हवेच्या नळीचा ३० सेंटीमीटर तुकडा, दोन्ही टोकं सरळ जोडाने जोडली की साडेनऊ सेंटीमीटर व्यासाची रिंग होते. नळीत पाणी शिरू देऊ नका, नाहीतर बुडते. सक्शन कपने इनलेटच्या विरुद्ध कोपऱ्यात अडकवा आणि फीडरचं तोंड बरोबर तिच्या मध्यावर. सावकाश बुडणारे दाणे तिथेच भिजून सरळ खाली जातात. इनलेटला स्पंजचं टोपण असेल तर अधिक चांगलं.

तळ्यात_मळ्यात

अवांतर: आठ-दहा दिवसांच्या मुक्कामाला प्रौढ, धडधाकट माशांना काहीच न देणं हा बऱ्याच वेळा सर्वांत सुरक्षित पर्याय असतो. फीडर दोन आठवडे, तीन आठवडे, किंवा पिल्लं असतील तेव्हा. सुट्टीचे पांढरे ठोकळे मात्र नकोत, त्यातले बरेचसे प्लॅस्टरचे असतात, पाणी गढूळ करतात आणि किती खाद्य सुटेल त्यावर काही ताबा नाही.

शेजारी येऊन टाकणार असतील तर औषधांची वारांची डबी असते ना, तिच्यात वजन करून एकेका दिवसाचं भरून द्या आणि खाद्याचा मुख्य डबा कपाटात बंद करा. डबा समोर दिसला की माणूस फीडरपेक्षा जास्त टाकतो.

सर्किटराव

स्वतः बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात. ड्रम विसरा, फिरती मापचकती करा. ५ मिमी जाड अ‍ॅक्रिलिकची चकती, तिला ६ मिमीचं एक आरपार भोक, तिच्या वर-खाली एकेक पत्रा. वरच्या पत्र्याचं भोक हॉपरखाली (खाद्याच्या डब्याखाली), खालच्या पत्र्याचं भोक टाकीवर, दोन्ही एकमेकांपासून ९० अंशांवर. चकतीचं भोक हॉपरखाली आलं की भरतं, ९० अंश फिरलं की रिकामं होतं. ६ मिमी व्यास आणि ५ मिमी खोली म्हणजे ०.१४ मिली, तुमच्या दाण्यांचे ०.०७ ग्रॅम. चार फेऱ्यांना ०.२८. माप फटीवर नाही, भोकाच्या आकारमानावर ठरतं, म्हणून हॉपर भरलेला असो वा अर्धा, फरक नगण्य.

चकती आणि पत्र्यांत ०.३ मिमीच्या आसपास फट ठेवा. दाण्याच्या निम्म्याएवढी झाली की दाणे आत घुसून चकती जाम होते. मोटर म्हणून २८बीवायजे-४८ स्टेपर पुरतो, हलका जाम तोडायला थोडं उलट-सुलट हलवायचं. साधा सर्वो वापरणार असाल तर काम झाल्यावर सिग्नल तोडा, नाहीतर तो जागच्या जागी थरथरत राहतो आणि दाणे झिरपतात. वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ, त्याला नाण्याचा सेल. वीज गेली तरी वेळ टिकते, वर्षाला मिनिटभराच्या आसपासच सरकतं. शेवटची फेरी कधी झाली ते कायमच्या स्मृतीत लिहून ठेवा, म्हणजे वीज आल्यावर प्रोग्रॅम दुसऱ्यांदा खाणं टाकणार नाही.

नीलरेषा

०.३ मिली सिलिकॉन, मग वरून ०.१. आताचे आकडे, किमान पातळीच्या जरा वर:
०.२४, ०.२६, ०.२२, ०.२५, ०.२३.
हवेचा फाटा लावलाय, तोंड वर थांबतंय, सेल नवे. निघायच्या आधी आणखी काही?

पाणकावळा

सरासरी ०.२४, फरक चार शतांश. याहून चांगलं ड्रमकडून मागू नका.

स्लायडरवर आणि ड्रमच्या झाकणावर चिकटपट्टीची एकेक पट्टी ओढून घ्या. मोटरच्या कंपनाने स्लायडर हळूहळू उघडतो, आणि झाकण सैल असेल तर फिरताना निसटून सगळं पाण्यात. फीडर झाकणाला पट्टीने बांधा, नुसता ठेवू नका.

मग निघायच्या आधीचा पूर्ण आठवडा टाकी फक्त फीडरवर चालवा. हाताने काही टाकायचं नाही, मासे काचेशी येऊन कितीही नाचले तरी. सातव्या दिवशी फीडर उतरवून परत पाच फेऱ्यांचं वजन. ०.२० च्या खाली आलं असेल तर ओल शिरतेय, तोंडाची कड बघा. ०.३० च्या वर गेलं असेल तर स्लायडर सरकलाय किंवा फीडर तोंडाकडे कललाय, फोनवरच्या लेव्हलने तपासा. दोन्हींच्या मध्ये असेल तर ड्रम रिकामा करून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि ताजं, गाळलेलं खाद्य भरा. आठवडाभर वाफेजवळ राहिलेलं तेच पुढे दोन आठवडे वापरू नका.

हिरवी_काच

आणि फिल्टर धुवायचा असेल तर निघायच्या चार-पाच दिवस आधी, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात. आदल्या दिवशी नको. पाणी मात्र आदल्या दिवशी एक तृतीयांश बदललंत तर चालेल. नवीन मासे आता तुम्ही परत आल्यावरच.

नीलरेषा

पट्ट्या लावल्या. आठवड्याची चाचणी आजपासून, सातव्या दिवसाचे आकडे इथेच टाकेन.